अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा

सोमवार, ९ मार्च

भोंग्या,

धप्प-हुश्श, धप्प-हुश्श. आज पहाटेपासून हा आवाज कानात बसलाय. शाळेत कविता सुरू करण्याआधी बाबा पट्ट्यांना हात न लावता नुसताच पायाने भाता मारून पाहायचे, तो. साठ पोरांचा कालवा एकदम बंद. मोठ्या गुरुजींना छडी आपटून जे जमत नसे, ते बाबा नुसत्या हवेने करायचे.

आधी लिहायचं ते राहिलंच. आशीर्वाद. नेहमीचेच, फक्त आज जरा लांबून. माझं बरं आहे, गुडघे सोडून. कान अजून शाबूत आहेत. तुझं उत्तम असणार. पुस्तकाच्या मागच्या फोटोत दात तर सगळे दिसतायत.

तुझ्या सेक्रेटरीबाईंचं पत्र मिळालं. छापील. सहीसुद्धा छापील. 'आपल्या ताब्यातील वाद्य गुरुवार, १९ रोजी सकाळी अकरा वाजता आमची गाडी घेऊन जाईल. सरांच्या पुस्तकाच्या एक लाखाव्या प्रतीच्या समारंभात ते स्टेजवर ठेवण्यात येईल व सर स्वतः त्याच्या सर्व खुंट्या ओढतील.' आपल्या ताब्यातील! मी काय चोरीचा माल दडवून बसलोय?

देणार नाही. हे वरच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचायचं नसेल तर तुझा वेळ वाचेल. वेळ कसा वाचवायचा यावर तुझं एक अख्खं प्रकरण आहेच.

पुस्तक मला तू पाठवलं नाहीस. खालच्या सायकलवाल्याने आणून दिलं. पंक्चर काढता काढता वाचतो तो. पानापानावर त्याच्या अंगठ्याचे काळे ठसे आहेत. म्हणाला, "आजोबा, तुमच्या भावाने तुमच्या वडिलांना काय मारलंय हो! मला तर रडूच फुटलं."

"कुणाला मारलंय?"

"अहो, वडिलांना! पान तीन."

उभ्या उभ्या वाचलं. मग त्याच्याच स्टुलावर बसलो. त्याने पाणी आणून दिलं. त्याला वाटलं, मलाही रडू आलं. मला रडू आलं नव्हतं रे, तुझ्या कानाखाली वाजवायला हात शिवशिवत होता आणि तू चारशे मैलांवर.

तुझंच वाक्य तुला लिहून पाठवतो, म्हणजे तू काय लिहिलंयस ते तुला एकदा हाताने लिहिलेलं दिसेल: 'त्या दिवशी माझ्या वडिलांनी पेटीच्या पाचही झडपांखाली निळ्या पुठ्ठ्याच्या घड्या सारल्या, जेणेकरून एकही झडप पुन्हा मिटू नये. मागे फिरण्याची वाट त्यांनी स्वतःच बुजवली. सगळ्या ताकदीने त्यांनी ते शेवटचं गाणं वाजवलं आणि पेटीवरच मान टाकली. याला म्हणतात झोकून देणं.' खाली चौकट: 'तुमच्या आयुष्यातल्या पाच खुंट्या कोणत्या? यादी करा.'

मान टाकली? बाबा त्यानंतर चौदा वर्षं जगले, गाढवा!

चौदा. याच खोलीत, याच खिडकीपाशी, लोकांच्या पेट्या दुरुस्त करत. सूर म्हणजे पितळेची पातळ जीभ; टोकाशी घासली की चढतो, बुडाशी घासली की उतरतो. केसाएवढा फरक. तेवढ्या फरकावर त्यांनी घर चालवलं. घासून झालं की फुंकर मारायचे, सूर कानाशी धरायचे आणि 'हं' म्हणायचे. बरोबर असला तर एक 'हं', चुकला असला तर दोन. तू एकोणिसाव्या वर्षी ट्रंक-वळकटी उचलून गेलास तेव्हासुद्धा ते दोनदाच 'हं' म्हणाले होते आणि पुन्हा कानशीकडे वळले होते. वाचणाऱ्याला रडू यावं म्हणून तू एका जिवंत माणसाची चौदा वर्षं खोडरबराने पुसलीस. एक लाख घरांत माझे बाबा सत्तेचाळिसाव्या वर्षी मेलेत. कुणाकुणाकडे जाऊन सांगू, की नाही हो, नंतर त्यांना चष्मा लागला होता, आणि तो चष्मा ते सारखे पेटीतच विसरायचे?

आणि पुस्तकाचं नाव! 'पुल आउट ऑल द स्टॉप्स.' सोनेरी अक्षरांत.

हा वाक्प्रचार या घरात कोणी आणला ते तू विसरला नाहीस, म्हणूनच तो तिथे आहे. इंग्रजीच्या बाईंनी मला दिला तो, शेवटच्या वर्षाला. मोठ्या ऑर्गनला खुंट्या असतात, त्यांनाच स्टॉप्स म्हणतात, असं बाई सांगायच्या. प्रत्येक खुंटीमागे सुरांची एक ओळ. खुंटी बाहेर ओढली की त्या ओळीची झडप उघडते, हवा शिरते, ओळ बोलायला लागते. आत ढकलली की गप्प. सगळ्या ओढल्या की वाद्याच्या पोटात जेवढा आवाज आहे तेवढा बाहेर. म्हणून हे म्हणायचं, माणूस काही म्हणता काही राखून न ठेवता एखाद्या गोष्टीला भिडला की. आपण म्हणू, जिवाचं रान केलं. मग बाई फळ्यावर रेघ मारून म्हणायच्या, "अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा."

मला तो कवितेसारखा आवडला. तुला ठाऊक आहे, मला नको त्या गोष्टी कवितेसारख्या आवडतात.

पण बाबांना विचार ना! त्यांच्या हाताखाली तशीच पेटी होती. शाळेच्या कागदांवर ऑर्गन, बाबांच्या तोंडी पायपेटी. पाच खुंट्या. बाबा दोनच ओढायचे. कधीकधी दीड, दुसरी अर्धीच बाहेर ठेवायचे. कारण पोरांचे आवाज पातळ. पेटीने त्यांच्या खाली हात धरायचा असतो, डोक्यावर बसायचं नसतं. आपली मैना गायला उभी राहिली की दीडचीही सव्वा व्हायची.

नदीकाठची वाट सांगते, हळू चाल रे हळू,
पाण्यालाही ऐकू येते, नको उगा खळखळू.

चौथीच्या पुस्तकातली. कवीचं नावही छापलं नव्हतं खाली. मैना 'हळू' म्हणायची तेव्हा वर्गातली पोरं बाकाखालचे पायसुद्धा हलवायची नाहीत. बाबांचं सगळं वाजवणं या दोन ओळींत होतं. आणि त्या माणसाला तू तुझ्या पुस्तकात भोंगा करून ठेवलंस! तुझं लाडाचं नाव तू बाबांना देऊन टाकलंस.

मैनेबद्दल काय लिहिलंयस? 'बहिणीचा आवाज पेटीच्याही वर चढला आणि सभागृह उभं राहिलं.' सभागृह उभं राहिलं, हे खरं. निघून जायला. ती नऊ वर्षांची होती, आज एकोणसत्तरची आहे. मधल्या साठ वर्षांत तिने स्वतःच्या मुलींना झोपवतानासुद्धा कधी गुणगुणलं नाही. पाळण्याची दोरी ओढत नुसती 'श्श श्श' करायची. मी पाहिलंय.

त्या निळ्या पुठ्ठ्यांचं काय, ते आता काढत नाही. त्या तपशिलात मी शिरत नाही. ते तू लिहायलाच नको होतंस, एवढंच.

पेटी इथे कोपऱ्यात आहे. भाता फाटका आहे, फाटकाच राहील. मी आयुष्यात शेकडो पेट्या शिवल्या, ही शिवली नाही. का, ते विचारू नकोस. तुझ्या गाडीवाल्यांना सांग, जिना अरुंद आहे आणि वर एक खडूस म्हातारा बसलेला आहे.

पान तीन दुरुस्त कर. बाबांना जिवंत कर. मग बोलू.

दादा

*

गुरुवार, १९ मार्च
सकाळचे सव्वादहा

भोंग्या,

आशीर्वाद आहेतच, पुन्हा लिहीत नाही.

तुझं कार्ड काल दुपारी आलं. एक लाख प्रती खपवणाऱ्या माणसाने भावासाठी तीन ओळी खर्च केल्या! 'दादा, पेटी नको. गाडी रद्द केली आहे. पान तीनवर बाबांच्या जागी खरं नाव घातलं असतं तर तुला चाललं असतं का?'

चाललं नसतं.

हे दोन शब्द लिहायला मला काल दुपारपासून आतापर्यंत वेळ लागला. मधे चार पत्रं लिहून फाडली. त्यात तुला इतकं काही बोललोय की पाठवली असती तर पोस्टमनने हात धुतले असते. चारही पत्रांत मी शेवटी त्याच जागी येऊन अडकायचो आणि कागद टराटरा फाडायचो. तेव्हा आता पाचवं. हे फाडायचं नाही असं ठरवून बसलोय.

एक अट. यातलं मैनेला काही कळता कामा नये. तिला एवढंच माहीत आहे की त्या दिवशी पेटी बिघडली. बिघडलेल्या पेटीवर माणूस रागावत नाही. तिचं ते तसंच राहू दे. तुझं पुस्तक तिने वाचलं नसेल, तिला हल्ली बारीक अक्षर दिसत नाही. कुणी वाचून दाखवलं तर म्हण, लेखकाची कल्पना.

बरं. सोडवतो प्रश्न.

त्या वर्षी बक्षीस समारंभाला रेडिओवरचे साहेब येणार होते. पोरांची गाणी ऐकणार, आवडलं तर रेडिओवर घेणार. मला वाटलं, आता बाबांना लोक ओळखतील. याच खोलीत आपण दोघं होतो, तू खाली फरशीवर नकाशे रंगवत होतास, आणि मी बाबांच्या मागे लागलो होतो. आठवतं?

"बाबा, एकदा तरी सगळ्या खुंट्या ओढा."

"कशाला?"

"शेवटच्या रांगेत पेटी ऐकू येत नाही."

"पोरगी ऐकू येते ना? मग झालं."

"तुम्ही नेहमी हात राखून वाजवता. लोकांना कळतच नाही तुमच्यात काय आहे ते!"

बाबा हसले. "मोठ्याने वाजवायला पाय लागतात रे," म्हणाले, "हळू वाजवायला कान लागतो. आणि तो भाता बघितलास का? दोन ठिगळं आहेत त्याला. पाचही ओळींना हवा पुरवायची तर तो आधी मरेल, मग मी."

बघ, सांगितलं होतं त्यांनी. भात्याचं सांगितलं होतं. मी सतरा वर्षांचा होतो, आठवडाभरापूर्वी इंग्रजीच्या पेपरात चौथ्या प्रश्नाला वाक्य लिहून आलो होतो, 'माझे वडील या समारंभात सगळ्या खुंट्या ओढतील', आणि बाईंनी समासात 'सुंदर' लिहिलं होतं. तो 'सुंदर' माझ्या डोक्यात गेला. मला बाबांचा रागही आला होता, हे आज पहिल्यांदा लिहितोय. मला ते भित्रे वाटले. इतकी मोठी पेटी आणि हा माणूस दीड खुंटीवर आयुष्य काढतो!

तुझ्याकडून नकाशाच्या वहीचा पुठ्ठा मागून घेतला. "दे रे जरा." तू म्हणालास, "मग माझी वही उघडी पडेल." मी म्हटलं, "नवी आणून देतो." आणली नाही. समारंभाच्या दुपारी शाळेच्या हॉलमध्ये सतरंज्या घालणं चाललं होतं, तेव्हा मी पेटीची पाठ उघडली. चार स्क्रू. बाबांनीच शिकवलं होतं. पुठ्ठ्याचे पाच तुकडे कापले, घड्या घातल्या, आणि प्रत्येक झडपेखाली एक एक सारली. आता खुंटी आत असो की बाहेर, झडप उघडीच. बाबांना निवडायला काही ठेवलंच नाही मी. त्यांच्या वतीने सगळं पणाला मी लावलं.

तुझ्या पुस्तकात हे वाक्य आहे, फक्त नाव दुसरं आहे.

पुढचं तुलाही माहीत आहे, तरी लिहितो, कारण ते मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. मी पेटीच्या मागे उभा होतो, काही लागलं तर हाताशी. तू पानं उलटायला बाबांच्या डावीकडे. मैना पुढे. दोन वेण्या, पांढरे मोजे, एक खाली घसरलेला. बाबांनी भाता मारला, धप्प-हुश्श, हॉल गप्प. त्यांनी नेहमीसारख्या दीड खुंट्या ठेवल्या आणि पहिला सूर धरला.

काय आवाज होता तो! खर्जाची ओळ, थरथरती ओळ, वरची किनरी, सगळ्या एकदम. पहिल्या रांगेतल्या बाईंनी कानावर हात नेला. बाबांनी खुंट्या आत ढकलल्या. पुन्हा ढकलल्या. आवाज तसाच. मैनेने सुरुवात केली होती; ती थांबेना, म्हणून तेही थांबेनात. तिला तसं मधेच उघड्यावर सोडलं नसतं त्यांनी. ते नुसते पाय मारत राहिले. उलट्या वाऱ्यात चढ चढणाऱ्या सायकलवाल्यासारखे. मानेवरून घाम उतरून कॉलरमध्ये जाताना मला मागून दिसत होता. हवा पुरेना, तसे सूर उतरायला लागले. मैना आपली तिच्या जागी, पेटी खाली खाली. तिला वाटलं तीच चुकतेय. मोठ्याने म्हणायला गेली. 'हळू चाल रे हळू' हे ती जिवाच्या आकांताने ओरडत होती, भोंग्या! दुसऱ्या कडव्याला भाता फाटला. फर्रर्र. मागून कुणीतरी म्हशीसारखं रेकलं आणि हॉल हसला. मैनेचं तोंड उघडंच राहिलं. मिटायचं असतं हे ती विसरून गेली. साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि ते उठले, मग सगळे उठले.

दुसऱ्या दिवशी मोठे गुरुजी बाबांना म्हणाले, "मास्तर, पुढच्या वर्षीपासून आपण रेकॉर्ड लावू. रेकॉर्ड फाटत नाही." पेटी घेऊन जा म्हणाले, अडगळ होते.

पेटी घरी आल्यावर बाबांनी पाठ उघडली. आपण तिघं होतो. मैना आत पांघरूण घेऊन पडली होती. त्यांनी पाचही तुकडे काढून झाकणावर ओळीत मांडले. निळे.

"हे कुणाच्या वहीचं?"

"माझ्या," तू म्हणालास.

"तू घातलेस?"

तू माझ्याकडे पाहिलंस. मी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर एक माणूस शिडीवर चढून रस्त्यावरच्या दिव्याची काच पुसत होता. ती काच, त्याचं फडकं, फडक्याचा उसवलेला काठ, सगळं मला आजही काढून दाखवता येईल. तुझा चेहरा कसा होता ते विचारू नकोस. मी पाहिलाच नाही.

तू "हो" म्हणालास.

बाबांनी आयुष्यात एकच थप्पड मारली आणि ती तुला. त्यानंतर तुला त्यांनी पेटीला हात लावू दिला नाही. कानस माझ्या हातात आली. खुर्ची माझी, खिडकी माझी, दुकान माझं. तू आठ वर्षं त्या फरशीवर परक्याच्या पोरासारखा बसलास आणि मग गेलास.

का? का म्हणालास 'हो'? एवढ्याएवढ्याशा पोराने इतकं मोठं व्हायची काय गरज होती? बोट दाखवायचंस की माझ्याकडे! ती थप्पड मी खाल्ली असती, महिनाभर अबोला सोसला असता आणि मोकळा झालो असतो. तू मला वाचवलं नाहीस रे, तू मला डांबून ठेवलंस. साठ वर्षं या खिडकीपाशी त्या फाटक्या भात्याकडे बघत बसलोय मी. तू तिकडे स्टेजवर उभा राहून लोकांना सांगतोस, झोकून द्या. माझ्याने कुठे झोकून देणं झालं? मला एका थपडेसाठी गाल पुढे करता आला नाही.

आणि तुझ्याहून जास्त राग बाबांचा. हेही लिहून टाकतो. ते वारले त्याच्या महिनाभर आधी, इथेच, मी भात्याचं कातडं कापत होतो. ते माझ्या हाताकडे बघत होते. बघता बघता म्हणाले, "सरळ कापतोस. पहिल्यापासून सरळच कापायचास. ते पुठ्ठेही सरळ कापलेले होते. अकरा वर्षांच्या हाताचे नव्हते ते." आणि एकदाच 'हं' म्हणाले.

एकदाच. म्हणजे बरोबर.

मी कातडं कापत राहिलो. किती वर्षं ठाऊक होतं त्यांना? तू गेलास तेव्हा ठाऊक होतं? ठाऊक असून तुला थांबवलं नाही? तिथेही दीडच खुंटी! एकदा, एकदा तरी त्या माणसाने माझ्यावर ओरडायला हवं होतं. सगळ्या झडपा उघड्या टाकून.

हे सगळं असं आहे. तू बाबांच्या नावावर माझं पाप घातलंस आणि त्याला सोन्याचा मुलामा दिलास, म्हणून मी चवताळलो. खरं कारण एवढंच. बाबांची चौदा वर्षं हेही कारण आहे, पण दुसरं. पहिल्या पत्रात मी दुसरं कारण पहिलं करून लिहिलं.

पान तीनवर माझं नाव घाल. समारंभाच्या दिवशी वाचून दाखव हवं तर. फक्त मैनेपर्यंत

थांब. जिन्यात कुणीतरी आहे.

गाडी रद्द केलीस म्हणालास ना? आज गुरुवार, अकराला पाच कमी. तुझ्या सेक्रेटरीबाईंना तू सांगायचं विसरलास वाटतं. येऊ देत, दारातूनच परत पाठवतो.

हमाल नाहीत. हमाल असे चढत नाहीत. एक पायरी, मग दम. एक पायरी, मग काठी. बावीस पायऱ्या आहेत, मी मोजतोय. अठरा. एकोणीस.

मैना आहे.

चार वर्षांत हा जिना चढली नव्हती ती. डॉक्टरने सक्त मनाई केलीय. दाराच्या काचेतून दिसतेय. एकटी आलीय. एका हातात काठी, दुसऱ्या हातात तुझं पुस्तक, मध्ये बोट घालून मिटलेलं. बोट अगदी सुरुवातीलाच आहे. कुठल्या पानात, ते मला इथून कळतंय.

"दादा," म्हणतेय, "आहेस ना आत? मी पुस्तकातलं एकच विचारायला आलेय. आणि आधी पाणी दे, मग खोटं बोल."

वर घातलेली अट खोडली. हे पत्र टपालात पडणार नाही, निदान आधी नाही. आधी तिच्या हातात. अक्षर तिच्यासाठी मोठं नाही, पण मी वाचून दाखवीन, खिडकीकडे न बघता. त्यानंतर ती म्हणाली तर पाठवीन तुला. हे तुझ्यापर्यंत पोचलं तर समज, मी शेवटपर्यंत वाचलं.

प्रश्न चौथा. अर्थ तू एक लाख लोकांना सांगितलासच. वाक्यात उपयोग माझ्याकडून राहिला होता: मैने, ते पुठ्ठे मी घातले.

दार उघडतोय.

तुम्हा दोघांचा,
दादा